पक्षकार नसलेला प्रश्न

आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत कोणी कायद्याच्या शिक्षणाकडे वळले, म्हणजे त्याचा पुढील मार्ग सर्वांच्या डोळ्यांसमोर आखलेलाच असतो. सनद घ्यावी, एखाद्या नामांकित वकिलाच्या हाताखाली चार वर्षे उमेदवारी करावी आणि मग आपल्या नावाची पाटी लावावी. किंवा न्यायाधीशाच्या परीक्षेस बसावे. नाही तर एखाद्या मोठ्या कंपनीत करारमदार तपासण्याची नोकरी धरावी. ह्या तिन्ही वाटांचा अर्थ घरच्या वडीलधाऱ्या मंडळींस कळतो. परंतु एलएल. एम्. झालेल्या मुलाने अथवा मुलीने आपणांस आता पीएच्. डी.साठी प्रबंध लिहावयाचा आहे असे सांगितले, की मंडळी जरा गोंधळात पडतात. कायदा तर पुस्तकात छापलेला असतो, त्यात आणखी शोधावयाचे ते काय, असे एकजण विचारतो; आणि पाच-सहा वर्षे खर्चून शेवटी मास्तरकीच करावयाची ना, असे दुसरा विचारतो.

हे प्रश्न व्यवहारी माणसाचे म्हणून हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. पहिल्याच्या पोटात एक तात्त्विक शंका आहे: जी गोष्ट माणसांनी आपल्या सोयीसाठी निर्माण केली आणि जी माणसे उद्या बदलू शकतात, तिच्यासंबंधी सत्य असे काही असू शकते काय? दुसऱ्याच्या पोटात एक नैतिक आक्षेप आहे: एखाद्या गांजलेल्याचे गाऱ्हाणे कोर्टापुढे मांडण्याचे सामर्थ्य ज्याच्या अंगी आले आहे, त्याने ते बाजूस ठेवून ग्रंथालयात जाऊन बसावे, हे योग्य काय? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत असे मला वाटते, आणि म्हणून दोहोंचा विचार येथे एकत्रच करण्याचे योजिले आहे.

प्रथम ह्या पदवीचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. एलएल. एम्. ही पदवी कोठे एका, तर कोठे दोन वर्षांत मिळते, आणि तिच्यासाठी बहुतेक ठिकाणी एक लहानसा प्रबंध लिहावा लागतो. त्यापुढील पीएच्. डी.ची मुदत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ सालच्या नियमांप्रमाणे कमीत कमी तीन व सामान्यतः जास्तीत जास्त सहा वर्षे आहे. मधली पायरी असलेली एम्. फिल्. ही पदवी त्याच नियमांनी बंद झाली. प्रवेशाची चाचणी, काही महिन्यांचा अभ्यासक्रम, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली लेखन, बाहेरच्या दोन परीक्षकांचे अभिप्राय आणि शेवटी तोंडी परीक्षा, असा हा क्रम आहे. परंतु हा सर्व केवळ सांगाडा होय. त्याचा प्राण एवढाच की, उमेदवाराने असा एक प्रश्न विचारावा की ज्याचे उत्तर त्याला प्रारंभी ठाऊक नाही, आणि ते उत्तर पुराव्यानिशी शोधून काढावे.

आता पहिल्या शंकेकडे वळू. ती आजची नव्हे. बर्लिन येथे १८४७ साली युलिउस फॉन किर्शमान नावाच्या सरकारी वकिलाने कायदेपंडितांच्याच सभेत व्याख्यान देऊन, शास्त्र ह्या नात्याने विधिशास्त्राला काही किंमत नाही, असे मत मांडले. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, निसर्ग आपल्या जागी स्थिर असतो, पण कायदे करणाराने दोन-तीन शब्द फिरविले की पंडितांनी भरलेली ग्रंथालयेच्या ग्रंथालये रद्दीत जमा होतात. ह्या आक्षेपाचा प्रत्यय आपल्या पिढीस नुकताच आलेला आहे. १८६० सालची भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ रोजी मागे पडली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. दीडशेंहून अधिक वर्षे वकिलांच्या जिभेवर बसलेले कलमांचे आकडे एका रात्रीत जुने झाले. परंतु मारणाराचा हेतू कशावरून ओळखावा, संमती कशाला म्हणावे, स्वसंरक्षणाचा हक्क कोठे संपतो, हे प्रश्न मात्र त्या रात्रीने एका दिवसानेही जुने झाले नाहीत. कायद्याचे शब्द म्हणजे कोणी तरी दिलेले उत्तर होय. प्रश्न त्या शब्दांच्या आधी उभा असतो आणि ते शब्द पुसले गेल्यावरही उभाच राहतो. शिवाय कायदा माणसाने केलेला असला, तरी तो केल्यानंतर कोणावर कसा चालला, कोणाला त्याने तारले आणि कोणाला तुडविले, ही घडलेली गोष्ट असते. आणि घडलेल्या गोष्टीचा शोध घेता येतो, मग ती कोणास आवडो वा न आवडो.

परंतु एवढ्याने संशोधकाचे स्वतंत्र काम सिद्ध होत नाही. वकीलही प्रश्नांचाच विचार करतो, जुने निवाडे धुंडाळतो, आणि पुष्कळदा प्राध्यापकांपेक्षा अधिक खोल जातो. तेव्हा दोघांत भेद कोणता? माझ्या मते भेद विद्वत्तेचा नसून आरंभबिंदूचा आहे. वकिलाने वकीलपत्रावर सही केली, त्या क्षणी त्याचा सिद्धान्त ठरलेला असतो. त्यापुढे त्याला हवी असतात ती प्रमाणे. ह्यात कमीपणा काही नाही. दोन्ही बाजूंनी आपापले म्हणणे पराकाष्ठेने मांडावे आणि तिसऱ्या तटस्थ माणसाने त्यांतून सत्य निवडावे, ह्या तत्त्वावर आपली न्यायपद्धती उभारलेली आहे, आणि त्या पद्धतीत एकाच बाजूचा होऊन राहणे हा वकिलाचा धर्मच होय. जो वकील आपल्या अशिलाच्या विरुद्ध जाणारे मुद्दे कोर्टात स्वतःहून उकरीत बसेल, त्याच्याकडे कोणी जाणार नाही, आणि जाऊही नये.

पण ह्या पद्धतीत एक जागा रिकामी राहते. न्यायालयापुढे तोच प्रश्न येतो, ज्याला पक्षकार आहे. कोणाची तरी जमीन गेलेली असावी लागते, कोणाचा तरी पगार थकलेला असावा लागतो. जनहितयाचिकेने न्यायालयाचे दार पुष्कळ रुंद केले आहे हे खरे. तरीही दार ठोठावणारे कोणी तरी लागतेच. ज्या अन्यायाची जाणीव खुद्द सोसणाराला नाही, जे संकट अजून क्षितिजाच्या पलीकडे आहे, किंवा ज्या खटल्याचा अंतिम निकाल लागून कागदपत्रे दप्तरात बांधली गेली आहेत, त्यांसंबंधीच्या प्रश्नाला पक्षकार नसतो, आणि म्हणून वकीलही नसतो. असा प्रश्न जो विचारतो तो संशोधक. ही व्याख्या पोकळ नाही, हे दाखविण्यासाठी आपल्याच देशातील दोन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण १९६५ सालच्या फेब्रुवारी महिन्यातले आहे. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाचे डीट्रिख कॉनराड ह्यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या विधिविभागात एक व्याख्यान दिले. विषय असा की, संविधानात दुरुस्ती करण्याचा जो अधिकार संसदेस आहे, त्याला काही गर्भित मर्यादा आहे किंवा नाही. त्या वेळी आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे मत संसदेच्या बाजूचे होते. १९५१ साली आणि पुन्हा १९६४ साली त्याने दुरुस्तीचा अधिकार व्यापक असल्याचेच सांगितले होते, जरी दुसऱ्या वेळी न्यायमूर्ती मुधोळकर आणि न्यायमूर्ती हिदायतुल्ला ह्यांनी आपली शंका नमूद केली होती. कॉनराड ह्यांनी विचारले ते प्रश्न त्या काळी कोणासही कल्पनेचे खेळ वाटले असते. उद्या दुरुस्ती करून माणसाच्या जीविताचे संरक्षणच काढून टाकता येईल काय? संविधान रद्द करून एखादा बादशहा गादीवर बसविता येईल काय? ह्या प्रश्नांना भारतात त्या दिवशी एकही पक्षकार नव्हता. परंतु प्रश्न विचारणारा ज्या देशातून आला होता, तेथे १९३३ साली घटनेने घालून दिलेल्या मार्गानेच घटनेचा प्राण घेतला गेला होता, आणि १९४९ सालच्या नव्या घटनेत काही तत्त्वांना दुरुस्तीचा हात लागू नये अशी तरतूद करावी लागली होती.

हा विचार व्याख्यानगृहातून न्यायालयात गेला. १९६७ सालच्या गोलकनाथ खटल्यात ज्येष्ठ वकील नंबियार ह्यांनी तो मांडला. आणि २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपैकी सातांनी, संविधानाची मूलभूत चौकट मोडणारी दुरुस्ती संसदेस करता येणार नाही, असा निर्णय दिला. न्यायमूर्ती खन्ना ह्यांनी आपल्या निकालपत्रात कॉनराड ह्यांच्या प्रतिपादनाचा उल्लेख केला आहे. पुढे १९७५ च्या नोव्हेंबरात, आणीबाणी चालू असताना, पंतप्रधानांच्या निवडणुकीचा प्रश्न न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेणारी घटनादुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने ह्याच तत्त्वाच्या आधारे रद्द केली. दहा वर्षांपूर्वी जो प्रश्न पंडिताचा विरंगुळा भासला असता, त्याला आता साऱ्या देशाएवढा पक्षकार मिळाला होता. ह्या यशात वकिलांचा आणि न्यायाधीशांचा वाटा मोठा आहे हे कोणीही कबूल करील; परंतु गरज पडण्यापूर्वीच ज्याने प्रश्न घडवून ठेवला, त्याचे ऋण निराळे आहे.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातले आहे आणि ते अधिक जिव्हारी लागणारे आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील एका पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. सत्र न्यायालयाने आरोपींस सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले, आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, तेव्हा तिची संमती नव्हती असे म्हणता येत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. येथे खटला संपला. ज्या मुलीसाठी भांडावयाचे तिच्यासाठी भांडण्यास आता कोर्ट उरले नव्हते. परंतु एक वर्षाने, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार ह्या चार कायदेअभ्यासकांनी सरन्यायाधीशांस एक अनावृत पत्र लिहिले. त्या पत्राचा गाभा एका भेदात होता. जो संमती देतो तो शरण येतो असे एक वेळ म्हणता येईल. पण जो शरण येतो त्याने संमती दिलीच असे मुळीच म्हणता येत नाही. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, एकट्या पडलेल्या गरीब मुलीचे मौन म्हणजे काय, हे ठरविताना हा भेद न पाहणे म्हणजे कायद्याने डोळे मिटून घेणे होय, असे त्यांचे म्हणणे होते.

न्यायालयाने निकाल फिरविला नाही. पण त्या पत्राने देशभर चर्चा आणि चळवळ उभी राहिली, आणि १९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली: पोलीस ठाण्यासारख्या ताब्याच्या जागी झालेल्या अत्याचाराचा गुन्हा स्वतंत्रपणे मांडला गेला, अशा खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने आपली संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, असा नियम आला, आणि पीडित स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरला. हे पत्र म्हणजे प्रबंध नव्हे हे मी जाणतो. पण दोन शब्दांतील जो भेद सर्वोच्च न्यायासनाच्या नजरेतून सुटला, तो नेमका पकडण्यास जी नजर लागते, ती वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने येते. संतापाने येत नाही. संताप त्या वेळी पुष्कळांस आला असेल. तो संताप कायद्याच्या भाषेत बोलू लागला, तेव्हाच कायदा बदलला.

ही दोन उदाहरणे वाचून कोणी म्हणेल की, लेखकाने विजयाच्या कथा तेवढ्या निवडल्या. आक्षेप रास्त आहे. म्हणून पराभवाचीही एक कथा सांगितली पाहिजे, आणि ती आपल्या घराघरांशी संबंध असलेली आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत स्त्रीधनाचे प्रकार सांगताना शेवटी 'आद्य' असा एक शब्द येतो. इत्यादी, वगैरे, एवढाच त्याचा अर्थ. परंतु सुमारे नऊशे वर्षांपूर्वी चालुक्यांच्या कल्याणी नगरीत मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने त्या एका शब्दाचा संकोच न करता विस्तार केला. वारशाने, खरेदीने, वाटणीने, परिग्रहाने किंवा सापडून स्त्रीला जे मिळेल तेही तिचे स्त्रीधनच, असा अर्थ त्याने लावला. कोणत्याही राजाचे फर्मान त्याच्या हाती नव्हते. होते ते केवळ व्याकरण आणि युक्तिवाद. पुढे इंग्रजी अमलात मिताक्षरेला प्रमाणग्रंथाचा मान मिळाला, पण नेमकी हीच उदार व्याख्या मात्र पुरती मानली गेली नाही. पतीकडून वारशाने आलेली मालमत्ता विधवेचे स्त्रीधन होत नाही, असे १८६७ साली प्रिव्ही कौन्सिलने ठरविले. त्यानंतर कितीएक विधवांनी जी इस्टेट त्यांच्या नावावर होती, पण ज्यांवर त्यांची पुरी सत्ता नव्हती, अशा घरांत आणि शेतांत आयुष्ये काढली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण स्वामिनी केले, तेव्हा विज्ञानेश्वराचे म्हणणे बव्हंशी पदरात पडले असे म्हणता येईल. मध्ये आठशेंहून अधिक वर्षे गेली. ज्ञान आपल्या बळावर विजयी होते, असे मानणाराने ही आकडेमोड ध्यानात ठेवावी.

ह्याच परंपरेतून संशोधकास घेण्याजोगा धडा मात्र वेगळाच आहे, आणि तो पद्धतीचा आहे. मीमांसकांच्या विचारपद्धतीत विषय सांगावा, संशय मांडावा, मग पूर्वपक्ष उभा करावा आणि त्यानंतरच सिद्धान्ताकडे यावे, असा दंडक आहे. ह्यांतील पूर्वपक्ष हा प्रतिपक्षाच्या दुबळेपणाचे प्रदर्शन नसतो. तो प्रतिपक्षाने स्वतः मांडला असता त्याहूनही बळकट मांडावा, अशी अपेक्षा असते. वकिलास हे करण्याची गरज नाही, कारण समोर दुसरा वकील आहेच. संशोधकाच्या समोर कोणी नसते. म्हणून त्याला स्वतःच स्वतःच्या विरुद्ध वकीलपत्र घ्यावे लागते. हे बोलण्यास सोपे आणि करण्यास फार कठीण आहे. तीन वर्षे एक मत उराशी बाळगल्यावर चौथ्या वर्षी एखाद्या जुन्या दप्तरात त्याच्या विरुद्ध जाणारा कागद सापडतो, तेव्हा तो कागद पुन्हा तसाच बांधून ठेवण्याचा मोह किती बळकट असतो! पाहणारे कोणी नाही, मार्गदर्शकास वेळ नाही, परीक्षकास पत्ता नाही. त्या क्षणी माणूस जे करतो, त्यावर त्याच्या पदवीची खरी किंमत ठरते. कायद्यातील संशोधनाचे नैतिक मर्म मला येथे दिसते. एरवी ज्या विद्येचा सारा सराव आपली बाजू जिंकण्याचा, तिच्यात राहून आपली बाजू हरू देण्याची तयारी ठेवणे, हेच ह्या अभ्यासाचे तप होय.

हे तप सर्वत्र होते असा भ्रम कोणी बाळगू नये. पुष्कळांस पदवी हवी असते ती नेमणुकीसाठी अथवा बढतीसाठी. प्रश्न नंतर शोधला जातो, आणि तो न सापडल्यास एखाद्या कायद्याच्या नावापुढे 'चिकित्सक अभ्यास' हे शब्द जोडून वेळ निभावली जाते. कलमे उतरवावी, निवाड्यांची जंत्री द्यावी, आणि शेवटी कायदा अधिक कडक करावा अशी शिफारस करावी, की ग्रंथ पुरा झाला! अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले असून त्यांत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानले आहे. हे नियम आवश्यक होते. परंतु यंत्र शब्दांचे साम्य मोजू शकते. प्रश्न स्वतःचा होता की उसना, हे मोजू शकत नाही. ज्याने एकही वाक्य चोरले नाही आणि एकही शंका स्वतः अनुभवली नाही, त्याचा प्रबंध यंत्राच्या दृष्टीने निर्दोष असतो, आणि तरीही त्यात संशोधन नसते. उलट आपल्या महाराष्ट्रात महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली करीत असतानाच 'धर्मशास्त्राचा इतिहास' रचण्यास आरंभ केला. व्यवहारमयूखाच्या प्रस्तावनेपुरते योजिलेले हे लेखन १९३० पासून १९६२ पर्यंत पाच खंडांत वाढत गेले. त्याचा उगम कोणत्याही पदवीच्या अटीत नव्हता. तेव्हा पदवीवाचून संशोधन होते आणि संशोधनावाचून पदवीही मिळते. पदवी ही केवळ सवड आणि शिस्त पुरविणारी व्यवस्था आहे. ती व्यवस्था सत्कारणी लावणे न लावणे ज्याच्या त्याच्या हाती आहे.

आता दुसरा, नैतिक आक्षेप. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या आकडेवारीप्रमाणे देशाच्या तुरुंगांतील दर चार बंद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नाही असे. ह्यांतील एकास जामीन मिळवून देणारा कनिष्ठ वकील त्या संध्याकाळी एका घरात दिवा लावतो. प्रबंध लिहिणारा कोणता दिवा लावतो? हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही, आणि 'ज्ञानासाठी ज्ञान' ह्या उत्तराने तुरुंगाच्या दारात उभ्या असलेल्या आईचे समाधान होणार नाही.

परंतु त्याच तुरुंगाकडे जरा वेगळ्या बाजूने पाहू. ठरावीक गुन्ह्यांत कमाल शिक्षेच्या निम्मी मुदत कच्च्या कैदेत काढलेल्या माणसास सोडावे, अशी सोय कायद्यात २००५ सालच्या दुरुस्तीने झाली. २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत पूर्वी कधीही गुन्हा शाबीत न झालेल्या आरोपीसाठी ही मुदत एक तृतीयांशावर आणली आहे. नियम चांगला आहे. मग तो राजपत्रातून निघून कोठडीच्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वी वाटेत कोठे अडतो? मुदतीचा हिशेब कोणी करीत नाही म्हणून, की जामीन मंजूर होऊनही जामीनदार उभा करण्याची ऐपत नाही म्हणून, की एकाच माणसावर दोन-तीन खटले असल्यामुळे? ह्याचे उत्तर एका खटल्याच्या कागदपत्रांत नाही. ते शेकडो खटल्यांच्या नोंदी ओळीने मांडल्यावरच दिसते. वकील एका माणसासाठी दार उघडतो, आणि ते त्याने उघडलेच पाहिजे. पण ते दार पुन्हा पुन्हा का बंद होते, हे पाहण्यास त्याला सवड नाही, आणि त्यासाठी त्याला फी देणारा पक्षकारही नाही. ते काम कोणी तरी करावयाचे, तर ज्याला पाच वर्षांची सवड आहे त्यानेच करावयास हवे.

मात्र ह्या सवडीबरोबर एक ऋण येते. संशोधक तुरुंगात किंवा कुटुंब न्यायालयाच्या ओसरीवर जातो, तेव्हा समोरचा माणूस आपले दुःख त्याला सांगतो. ते दुःख संशोधकासाठी 'सामग्री' असते; सांगणारासाठी ते आयुष्य असते. त्या माणसास वाटत असते की, हा शिकलेला मनुष्य आपले काही तरी करील. तसे काही होणार नाही, हे त्याला प्रथमच स्पष्ट सांगणे, त्याचे नाव झाकणे, आणि त्याने सांगितले तेवढेच लिहिणे, आपल्या सिद्धान्तास सोयीचे जाईल असे त्यात काही न घालणे, एवढे तरी संशोधकाकडून घडलेच पाहिजे. समजा, गरिबी हेच कैद लांबण्याचे कारण आहे अशी त्याची पक्की समजूत आहे, आणि नोंदी पाहता कैद्यांस तारखेला कोर्टात हजर करण्यातील ढिलाई हे मोठे कारण निघाले. पहिले कारण अधिक हृदयस्पर्शी आहे; पण दुसरे खरे असेल, तर तेच लिहिणे ही त्या कैद्यांचीही सेवा होय, कारण चुकीच्या रोगावरील औषधाने कोणीच बरा होत नाही. सत्यनिष्ठा आणि करुणा ह्यांत येथे विरोध राहत नाही. सत्य सोडून केलेली करुणा दुसऱ्याच्या कामी येत नाही. ती आपलेच मन हलके करते.

म्हणून वडील मंडळींस माझी एवढीच विनंती आहे की, मुलाने संशोधनाची इच्छा दर्शविली, तर पुढे मिळणार काय, हे अवश्य विचारावे. घर चालले पाहिजे, आणि विद्यावृत्ती वेळेवर हाती पडतेच असे नाही. पण त्याआधी त्याचा प्रश्न कोणता हे विचारावे, आणि त्याचे उत्तर त्याच्या मनाविरुद्ध निघाले तर तो काय करील, हेही विचारावे. ज्याच्याजवळ प्रश्न नाही, केवळ पदवीचे नाव आहे, त्याने सनद घेऊन चार माणसांच्या उपयोगी पडणे कितीतरी श्रेयस्कर. ज्याच्याजवळ प्रश्न आहे आणि प्रतिकूल उत्तराचीही तयारी आहे, त्याला अडवू नये.

अशा माणसास यशाची हमी कोणी देऊ शकत नाही. आता प्रबंधांच्या प्रती सर्वांस पाहता येतील अशा रीतीने संग्रहित होतात, तरीही त्यांतील बहुतेक कोणी उघडत नाही. बनारसचे व्याख्यानही तसेच पडून राहिले असते, तर कॉनराड ह्यांचा प्रश्न त्यामुळे खोटा ठरला नसता. मात्र १९७३ साली न्यायालयास तो नव्याने शोधावा लागला असता, आणि तेवढा वेळ मिळाला असताच असे कोण सांगू शकेल? प्रश्नाला पक्षकार केव्हा भेटेल, हे संशोधकाच्या हाती नाही. तो येईल तेव्हा प्रश्न नीट मांडलेला, दोन्ही बाजूंनी तपासलेला आणि कोणताही कागद न दडविता लिहिलेला असावा, एवढे मात्र सर्वस्वी त्याच्याच हाती आहे.